कुत्र्याचे रक्त आणि शेजाऱ्यावरचा आळ

‘‘साहेब, हितं माणसाचं रक्त तपासायला पैसा नाही, अन् तुम्ही कुत्र्याचं तपासा म्हणता?’’

जालना जिल्ह्यातल्या गुरांच्या दवाखान्यांत नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, एखाद्याने ते म्हटले नाही तर चुकल्यासारखे वाटे. वाक्य खोटेही नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहणारा. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा लोकांच्या डोळ्यांदेखत वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे माणसांनी कुऱ्हाड घेऊन स्वतः तोडली. अशा ठिकाणी कुत्र्याच्या रक्ताची चौकशी म्हणजे बंगलेवाल्यांचे चोचले, असे वाटणे साहजिक आहे. तरीही आज रविवारच्या पानावर मी हाच विषय काढणार आहे. कारण कुत्र्याच्या रक्ताची तपासणी ही श्रीमंतांची गोष्ट आहे हा समज मला मुळातूनच चुकीचा वाटतो. ती तपासणी न झाल्यामुळे कुत्रे तर मरतेच. पण त्याच्याबरोबर गावात आणखीही काही मरते, हे मी पाहिलेले आहे.

आपल्याकडे कुत्र्याच्या नाकातोंडातून रक्त येऊ लागले की गाव तीनपैकी एक निकाल देते. पहिला, ‘उन्हाळा लागला.’ दुसरा, ‘कुणाची तरी नजर लागली, करणी झाली.’ आणि तिसरा, सर्वांत आवडता, ‘कुणीतरी भाकरीत काच घातली.’ पहिल्या निकालात कुत्र्याच्या डोक्यावर पाणी ओततात, दुसऱ्यात लिंबू-मिरची येते. तिसऱ्यात मात्र माणसे ठाण्यावर जातात. काच घालणारा कोण, हे शोधावे लागत नाही. ज्याच्याशी बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून किंवा निवडणुकीवरून बिनसलेले असते, तोच तो असतो.

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो. दोन चुलत भावांची शेते लागून. बांध कुणी कोरला यावरून दोघांत दोन वर्षे अबोला. त्यांतल्या धाकट्याचे राखणीचे कुत्रे, चांगले दांडगे, दोन दिवस घोळणा फुटल्यासारखे नाकातून रक्त गाळत होते. तो ते पोत्यात घालून मोटारसायकलवर मागे धरून घेऊन आला. बरोबर मामा. खिशात ठाण्यात द्यायचा अर्ज तयार, त्यावर चुलत भावाचे नाव. माझ्याकडे आला तो कुत्रे बरे करायला नव्हे, तर ‘काच घातली’ असे लिहून घ्यायला. मी कुत्र्याचा कान उलटला. आत गोचीड, फुगून एरंडीच्या बियांएवढे झालेले, एकावर एक बसलेले. (जाता जाता सांगतो, एरंडाला शास्त्रात ‘रिसिनस’ म्हणतात आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच मुळी गोचीड. बीचे आणि किड्याचे हे साम्य आपल्या शेतकऱ्याइतकेच तिकडच्यांच्याही नजरेत भरले होते.)

कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काचपट्टीवर घेतला, पसरला, वाळवला आणि जिम्साचा रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निरोगी कुत्र्याच्या रक्तात सर्वांत मोठ्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात प्लेटलेटचे निदान दहा-बारा ठिपके दिसायला हवेत. इथे दहा क्षेत्रे सरकवली तेव्हा कुठे तीन-चार सापडले. दवाखान्याच्या आवारात आमच्या ड्रेसरने पाळलेली एक कुत्री असे. तिच्याही रक्ताची पट्टी केली आणि दोन्ही पट्ट्या त्या गड्याला आळीपाळीने दाखवल्या. ‘‘ह्यात ठिपके हायती, ह्यात नाहीती,’’ तो म्हणाला. तेच नसल्यामुळे रक्त थांबत नाही आणि ते खाल्ले आहेत गोचिडाने आणलेल्या जंतूने, असे मी सांगितल्यावर त्याने बराच वेळ पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला. मग खिशातला अर्ज काढला, चार घड्या होत्या त्याच्या आठ केल्या आणि परत खिशात ठेवला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांवर कुत्रे सावरले. बांधाचा वाद मात्र मिटला नाही. तो काही गोचिडांनी लावलेला नव्हता.

त्या जंतूचे नाव एर्लिकिया. १९३५ साली उत्तर आफ्रिकेत अल्जीरियात तो पहिल्यांदा कुत्र्यांत सापडला. व्हिएतनामच्या युद्धात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकी सैन्याची शिकवून तयार केलेली अल्सेशियन कुत्री नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने दगावली, तेव्हा जगाने त्याची खरी दखल घेतली. तपकिरी गोचीड तो एका कुत्र्यातून दुसऱ्यात नेतो, आणि हा गोचीड मराठवाड्याच्या उन्हाला चांगलाच मानवलेला आहे. काचपट्टीवर एखाद्या पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा या जंतूंचा घोस कधी कधी दिसतो. दर वेळी दिसतोच असे नाही. प्लेटलेट कमी झालेले मात्र दिसते, आणि उपचार सुरू करायला तेवढे पुरेसे असते. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. त्या तीस-चाळीस हजारांच्या खाली घसरल्या की काही न लागताही रक्त येऊ लागते. डेंग्यूच्या साथीपासून ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. कुत्र्याच्या बाबतीत तो विचारावा हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आता रक्त थांबते कसे, हे थोडे सांगायला हवे. नाहीतर तपासण्या एकाऐवजी तीन-चार कशाला, हे कळायचे नाही. पावसाळ्यात बांध फुटतो तेव्हा आपण काय करतो? आधी हाताला येतील ते दगडगोटे भगदाडात टाकतो. पाणी कमी होते, पण झिरपत राहते. मग त्यावर काट्याकुट्यांची पाटी आणि चिकणमाती लिंपतो, तेव्हा बांध धरतो. रक्तवाहिनी फुटली की शरीर तेच करते. प्लेटलेट हे दगडगोटे. ते भगदाडाला चिकटून राहावेत म्हणून लागणारा चिकट पदार्थ म्हणजे व्हॉन विलेब्रँड घटक. आणि लिंपणाची माती म्हणजे रक्तद्रवातले गोठवणारे घटक. ते एकापाठोपाठ एक जागे होतात आणि शेवटी धाग्यांचे जाळे विणतात. दगड नसले, चिकटा नसला किंवा माती नसली, तरी बाहेरून दिसणार ते एकच, रक्त. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा. म्हणूनच नुसते ‘रक्त थांबायचे इंजेक्शन’ टोचून कुत्र्याला घरी पाठवणे म्हणजे भगदाड कुठे आहे हे न पाहता माती फेकणे.

माती नसल्याचे सर्वांत मोठे कारण आपल्या घरात, माळ्यावर आणि गोदामात आपण स्वतः ठेवलेले असते. उंदराचे औषध. जालना म्हणजे बियाण्यांचे गाव. १९६० च्या दशकात बद्रीनारायण बारवाले यांनी इथे संकरित बियाण्यांचा उद्योग उभारला आणि त्यामागून गोदामे वाढत गेली. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे ब्रोमाडायोलोनच्या निळ्या-हिरव्या वड्या. या औषधाची गंमत म्हणा की दगाबाजी म्हणा, ते खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. उंदीर शहाणा, एक मेला की बाकीचे त्या वडीला तोंड लावत नाहीत. म्हणून हे औषध मुद्दाम उशिरा मारते. यकृतात के जीवनसत्त्वाच्या जोरावर गोठवणारे जे घटक तयार होतात, त्यांची वाटच ते अडवते. अंगात आधीचा साठा असतो तोवर सारे ठीक. तो संपला की तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी छातीत, पोटात, सांध्यात रक्त साचू लागते. कुत्रे वडी खाते सोमवारी आणि धापा टाकू लागते शुक्रवारी. मधल्या चार दिवसांत घरातल्या कुणालाच सोमवार आठवत नाही. शुक्रवारी अंगणात कोण येऊन गेले, ते मात्र बरोबर आठवते!

या औषधाचा जन्मही रक्त न गोठणाऱ्या जनावरांपासूनच झाला. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेले गोड क्लोव्हरचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली की मर, खच्चीकरण केले की मर. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी, एड कार्लसन, हिमवादळातून दीडशेहून अधिक मैल गाडी हाकत मॅडिसनला विद्यापीठात पोचला. बरोबर मेलेली कालवड, ते गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्या गवतातला दोषी पदार्थ शोधायला सहा वर्षांवर काळ लागला. त्याच्याच घराण्यातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि पुढे काही वर्षांत माणसांच्या हृदयविकारावरचे औषध झाले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते देण्यात आले होते. आज तुमच्या घरात कृत्रिम झडप बसवलेले आजोबा असतील तर ते याच कुळातली गोळी घेत असतील आणि ठरावीक दिवसांनी ‘पीटी-आयएनआर’ करून येत असतील. कुत्र्याने वडी खाल्ली आहे की नाही, हे सांगणारी तपासणी हीच. तीच नळी, तेच यंत्र. जो घटक सर्वांत आधी संपतो त्यावर ही तपासणी बोट ठेवते, म्हणून रक्त वाहू लागण्याआधीच तिचा आकडा लांबतो. के-१ जीवनसत्त्व तीन-चार आठवडे चिकाटीने दिले, तर कुत्रे वाचते. दोन इंजेक्शने देऊन ‘बरे झाले’ म्हणून थांबले तर मरते, कारण ब्रोमाडायोलोन शरीरात मुक्कामाला असते.

इथे ‘कुत्र्याचे काय एवढे’ म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. ज्या कोपऱ्यातली वडी कुत्र्याच्या तोंडी गेली, त्याच कोपऱ्यात तुमचे दीड वर्षांचे नातवंड रांगत नाही काय? वड्या रंगीत असतात. कुत्र्याच्या रक्ताने जर सांगितले की घरात हे विष उघडे पडले आहे, तर ती बातमी कुत्र्यापुरती नाही.

साप हा तिसरा मामला. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. घोणस आणि फुरसे यांचे रक्तावर. घोणस डसली की तिचे विष गोठवणारे घटक सपाट्याने खर्ची घालते आणि थोड्याच वेळात रक्त पाण्यासारखे होते. शेतावरचे कुत्रे साप दिसला की मागे हटत नाही. नाकाडावर किंवा पुढच्या पायावर दंश घेऊनच ते येते. आणि इथे जी तपासणी लागते तिला वीजसुद्धा लागत नाही. साबणाचा अंश नसलेली एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, न हलवता ठेवायचे आणि वीस मिनिटांनी तिरके करायचे. निरोगी कुत्र्याचे रक्त त्याच्या आतच घट्ट झालेले असते. ते वाहिले तर गोठण बिघडली. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको. काचेच्या स्पर्शानेच तर गोठण सुरू होते. माणसांच्या सर्पदंशात हीच परीक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. लहान जागी बसून, साध्या साधनांनी मोठे काम होते हे आम्हा जालनेकरांना दुसऱ्याने शिकवायला नको. याच जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसले, रक्तदाबाच्या नोंदी ठेवत गेले आणि प्राझोसिनचा उपचार त्यांनी जगापुढे ठेवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाच्या आरंभी कुठले महागडे यंत्र नव्हते. निरीक्षण होते आणि लिहून ठेवण्याची सवय होती.

मात्र नळीची परीक्षा सगळेच सांगत नाही, हेही सांगितले पाहिजे. गोचिडाच्या आजारात प्लेटलेट तळाला गेल्या तरी नळीतले रक्त बहुधा गोठतेच, कारण माती शाबूत असते. म्हणून पट्टी आणि नळी दोन्ही करायच्या. आणि एक आजार असा आहे की तो पट्टीतही दिसत नाही, नळीतही दिसत नाही. तो चिकट्याचा.

१९२४ साली फिनलंडमध्ये एरिक व्हॉन विलेब्रँड या डॉक्टरांपुढे ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी आली. तिच्या बहिणी रक्तस्रावाने गेल्या होत्या. १९२६ मध्ये त्यांनी त्या कुटुंबाचा आजार लिहून काढला. ती मुलगी मात्र तेराव्या वर्षी, पाळीच्या रक्तस्रावात गेली. त्यांचेच नाव मिळालेला हा आजार कुत्र्यांतही आहे, आणि डॉबरमन या जातीत तर फार आहे. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक डॉबरमनमध्ये त्या सदोष जनुकाची निदान एक प्रत आढळली. अशी बहुतेक कुत्री वर्षानुवर्षे ठणठणीत असतात. ती कळतात सुरी लागल्यावरच. शेपूट कापताना, कान कापताना, गर्भाशय काढताना. (शेपूट आणि कान कापण्याची हौस मला कधीच कळली नाही, पण तो वेगळ्या रविवारचा विषय.) यावर सोपी परीक्षा आहे. वरचा ओठ उलटून आतल्या बाजूला बारीक छेद द्यायचा, टिपकागदाने कडेकडेने रक्त टिपायचे आणि घड्याळ लावायचे. चार मिनिटांच्या आसपास ते थांबले पाहिजे. आठ-दहा मिनिटे झाली तरी टिपतच बसावे लागले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

अल्सेशियनची कथा आणखी निराळी. त्यांच्यात हिमोफिलिया येतो, माणसांतल्यासारखाच. आई वाहक, मुलगा रोगी. जर्मनीत १९६८ साली जन्मलेला कॅन्टो नावाचा एक नर दिसायला इतका देखणा होता की त्याच्याकडे कुत्र्या आणणाऱ्यांची रीघ लागली. तो फार जगला नाही, पण तेवढ्यात त्याची संतती भरपूर झाली. त्याला हिमोफिलिया होता. रोगी नराच्या सगळ्याच मुली वाहक होतात, आणि त्या मुली देशोदेशी विकल्या गेल्या. एक चांगला वळू गावाचा गोठा सुधारतो, तसा एक न तपासलेला वळू काय करतो, त्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता जालन्याकडे या. पोलादाच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि नव्या वसाहतींच्या बंगल्यांवर आज डॉबरमन, अल्सेशियन, रॉटवायलर दिसतात. पिल्लाला हजारो रुपये मोजतात. आईबापांचे कागद दाखवतात, पदकांचे फोटो दाखवतात. रक्ताचा एक कागद मी क्वचितच पाहिला. माझे स्पष्ट मत आहे की, जो माणूस पिल्ले विकून पैसे घेतो त्याने जोडी लावण्याआधी नर-मादीची तपासणी केलीच पाहिजे आणि ग्राहकाने तो कागद मागितलाच पाहिजे. शेतकऱ्याकडून मी या तपासणीची अपेक्षा करणार नाही. त्याची कारवानी किंवा गावठी कुत्री अशा बंदिस्त घराण्यांतली नसतात. पण जो जातीच्या नावावर पैसा घेतो, त्याने जातीबरोबर येणाऱ्या रोगाची जबाबदारीही घ्यावी. स्थळ पाहताना आपण सात पिढ्या विचारतो आणि इथे एक पिढीही विचारत नाही!

शस्त्रक्रियेचा मुद्दा आला म्हणून भटक्या कुत्र्यांचे बोलले पाहिजे. कुत्र्यांच्या जन्मदर नियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल दिलेल्या आदेशांवरून देशभर दोन तट पडले. मी त्या वादात इथे शिरत नाही. पण नसबंदी करायची हे ज्या बाजूला मान्य आहे तिलाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्रीच्या अंगावर गोचीड असतातच. तिला पकडून आणले, भूल दिली, पोट उघडले आणि तिच्या प्लेटलेट तळाला असल्या, तर टाके कितीही उत्तम घाला, ती रात्रीतून पिंजऱ्यात रक्त आत साचून मरणार. सकाळी लोक म्हणणार, ‘डॉक्टरने मारली’ किंवा ‘निष्काळजीपणा केला’. पुन्हा तोच आळ, फक्त शेजाऱ्याऐवजी डॉक्टरवर. प्रत्येक कुत्रीच्या सगळ्या तपासण्या करा असे मी म्हणत नाही. तेवढा पैसाही नाही आणि गरजही नाही. हिरड्या पाहा. फिकट आहेत का, त्यांवर लाल बारीक ठिपके आहेत का? पोटाच्या कातडीवर जांभळे डाग आहेत का? शंका आली तर एक पट्टी आणि एक नळी, बस्स. वीस मिनिटांचे काम. शंका खरी ठरली तर गोचीड मारा, औषध द्या आणि तीन आठवड्यांनी तीच कुत्री पुन्हा घ्या.

हे कुठे करायचे, असा प्रश्न येईल. गुरांच्या दवाखान्यांतून थायलेरियासारख्या गोचीड-तापासाठी गाईंच्या रक्ताच्या पट्ट्या करण्याची पद्धत जुनीच आहे. जिथे सूक्ष्मदर्शक आहे तिथे त्याच्यावरचे कव्हर कुत्र्यासाठीही काढावे, इतकेच. पुढच्या तपासण्यांसाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जालन्याहून परतूर, सेलूमार्गे ते एकाच रेल्वेमार्गावर येते आणि सकाळी निघालेला नमुना वेळेत पोचू शकतो. मात्र सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बरोबर हवे. नळी अर्धवट भरली की आकडा खोटाच येणार. आणि परभणी जमत नसेल तर शहरातल्या माणसांच्या प्रयोगशाळाही पीटी आणि एपीटीटी या तपासण्या करू शकतात. अट एकच, आणि ती सारेजण विसरतात. माणसाच्या आकड्यांशी तुलना करायची नाही. कुत्र्याचे रक्त मुळातच माणसापेक्षा लवकर गोठते. माणसाच्या हिशेबात ‘नॉर्मल’ आलेला आकडा कुत्र्याच्या हिशेबात लांबलेला असू शकतो. म्हणून आजारी कुत्र्याबरोबर एका निरोगी कुत्र्याचेही रक्त त्याच वेळी द्यायचे आणि दोन आकडे शेजारी ठेवून पाहायचे. प्लेटलेटचेही तसेच. माणसासाठी लावलेल्या यंत्राला कुत्र्याच्या प्लेटलेटचे पुंजके कळत नाहीत. ते ‘वीस हजार’ छापून मोकळे होते आणि मालक घाबरून रडू लागतो. यंत्राने कमी सांगितले तर पट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

हे निरोगी कुत्रे आणायचे कुठून? बहुधा शेजाऱ्याचेच. आणि रक्त फारच गेले असेल, तर चढवायलाही त्याचेच उपयोगी पडते. माणसाला माणसाचे रक्त चढवण्याच्या कितीतरी आधी, १६६५-६६ च्या सुमारास ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याला देऊन त्याला जगवले होते. कुत्र्यांत पहिल्या वेळी दिलेले रक्त सहसा बाधत नाही, कारण दुसऱ्या गटाविरुद्धची शस्त्रे त्यांच्या रक्तात आधीपासून परजलेली नसतात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अंबडकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. गोदामाच्या राखणीचा कुत्रा टायगर धापा टाकत होता, हिरड्या पांढऱ्याफटक. वड्या टाकल्या होत्या का, विचारले. ‘‘नाही,’’ म्हणाले. मागून बाईंचा आवाज आला, ‘‘अहो, सोमवारी नाही का हमालानं ठेवल्या!’’ टायगर आणि शेजारच्यांची राणी अशा दोघांना जीपमध्ये घालून ते शहरात आले. माणसांच्या एका प्रयोगशाळेत मी नळ्या दिल्या. तिथला मुलगा संगणकासमोर अडला. नाव, वय, लिंग भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकेना. तासाभराने कागद हातात पडले. एकावर ‘श्री. टायगर, वय ३, पुरुष’ आणि दुसऱ्यावर ‘श्रीमती राणी, वय ५, स्त्री’. राणीचे रक्त नऊ सेकंदांत गोठले होते. टायगरच्या कागदावर आकड्याच्या जागी ‘शंभर सेकंदांनंतरही गोठले नाही’ असे होते. के-१ सुरू केले आणि राणीचे रक्त त्याला चढवले. शेजारी राणीची साखळी धरून तासभर उभे होते आणि रक्त संपत आले तेव्हा त्यांनीच विचारले, ‘‘अजून लागतं का? आमच्याकडं अजून एक कुत्रं आहे.’’